वाफेच्या नळावरची पट्टी

आमच्या कारखान्यातून कापूस चोरीला गेला नाही, कोळसा गेला नाही, तेलाचे डबेही गेले नाहीत. गेला तो पत्रा. तोही कुठला, तर वाफेच्या नळावरचा, माझ्या हातानं बसवलेला. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझं डोकं तापतं, तेव्हा काय होत असेल याचा विचार करा.

बऱ्हाणपूरला उतावळी नदीच्या अंगाला कापसातली सरकी काढायचं आमचं जिन होतं. जिनाशेजारी गाठी दाबायचं प्रेस, वरच्या बाजूला बॉयलर, आणि खाली नदीकडं, पाण्याची सोय म्हणून, सूत रंगवायचा रंगखाना. बॉयलरपासून रंगखान्यापर्यंत वाफ न्यायला दीडशे हात लांबीचा नळ होता. कंबरभर उंचीच्या खांबांवर टाकलेला, उतरता, आणि कुंपणाच्या भिंतीबाहेरून गेलेला. धुणं घेऊन नदीवर जाणाऱ्या बायकांची वाट त्याला खेटून. मी तिथला फिटर. वय सव्वीस-सत्तावीस, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

वाफेचा नळ उघडा ठेवून चालत नाही. उघडा ठेवला तर रंगखान्यात पोचेपर्यंत निम्म्या वाफेचं पाणी होतं, कढई उकळत नाही आणि सुतावर रंग डागाडागांनी बसतो. म्हणून नळावर चिकणमाती, शेण आणि बकऱ्याचे केस कालवून चार बोटं जाड लेप द्यायचा, त्यावर तरट गुंडाळायचं, आणि पावसानं लेप वाहून जाऊ नये म्हणून सगळ्यावर जस्ती पत्रा वाकवून रिवेट मारायचे. हे सगळं मी एका उन्हाळ्यात पाठ मोडून केलं होतं. आणि मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. बाजारात साधा खिळा मिळायची मारामार, तिथं पत्रा कोण देतो! ज्याला पत्रा हवा होता त्याला आमचा नळ दिसला.

चोरी दिवसाढवळ्या व्हायची, ही त्यातली गंमत. जिन चालू असलं की शेजारी तोफ उडाली तरी कळायचं नाही. त्या गोंगाटात रिवेट तोडले काय आणि पत्रा फाडला काय, कुणाच्या कानावर जाणार! दोन महिन्यांत पाच पत्रे गेले. मी नवे मागितले तर मॅनेजरसाहेब म्हणाले, "आणू कुठून? माझ्या घरच्या छपराचे काढून देऊ?" ते नागपूरकडचे. बोलायचे थोडं, पण बोलले की झोंबायचं.

शेवटी नळावर राखणीला माणूस ठेवायचं ठरलं, आणि मी माझ्या सासऱ्यांचं नाव सांगितलं.

मामा, म्हणजे माझे सासरे, सिंधीपुऱ्यात एका खोलीत एकटे राहायचे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. मामांचा धंदा कलाबतू वळायचा. चांदीच्या तारेला सोन्याचा मुलामा देऊन ती चपटी करतात, तिला बादला म्हणतात. तो बादला पिवळ्या रेशमी धाग्यावर वळत जायचा, की झाली कलाबतू, म्हणजे जर. तीस वर्षं हे काम केलेला माणूस. पण बाहेरची स्वस्त खोटी जर आली, गिऱ्हाईक आटलं, मग लढाईत तार मिळेना, आणि मामांची धागा वळायची चाती खुंटीवर गेली. आमचं घर लोधीपुऱ्यात, त्यांच्यापासून चालत दहा मिनिटांवर. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा त्यांचा कडक नेम. राहायला येणं तर लांबच. तापीपलीकडं पुतण्याची केळीची बाग होती. तो "या की काका" म्हणायचा. मामा एकदा गेले आणि आठव्या दिवशी परत आले. तिथं त्यांना कुणी काम सांगायचं नाही आणि जेवायला मात्र हाक मारायचे. ते त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. "फुकटचा घास गळ्याखाली उतरत नाही गं पोरी," असं माझ्या बायकोला म्हणाले होते.

तर असे मामा हातात काठी घेऊन आमच्या नळावर उभे राहिले. त्यांचं वय साठीचं, बांधा काडीसारखा. जन्मभर मांडी घालून काम केलेल्या माणसाला दिवसभर उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. पण कुरकूर नाही. मी दिसलो की धडपडत उठायचे, उपरण्यानं दगड झटकायचे आणि म्हणायचे, "बसा जावईबापू." मला लाजल्यासारखं व्हायचं. कारखान्यात जो तो मला हाका मारायचा, शिव्या घालायचा, आणि इथं हे माझ्यासाठी दगड झटकतायत.

पण नळ मधोमध भिंतीच्या कोपऱ्याला वळसा घालून गेलेला. मामा बॉयलरकडच्या टोकाला असले की रंगखान्याकडचं दिसायचं नाही, आणि तिकडं गेले की इकडचं. चोर काय डोळे मिटून बसला होता का? पंधरा दिवसांत आणखी एक पत्रा गेला. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पुन्हा गेला तर तो म्हातारा घरी जाईल. तुमचा सासरा आहे म्हणून आधी सांगून ठेवतोय."

हे मी घरी बायकोला सांगितलं. ती नुसती भाकरी थापत राहिली. बापाची ही नोकरी गेली तर तो थेट पुतण्याच्या बागेत जाणार आणि तिथं झुरून झुरून मरणार, एवढं तिला न सांगता कळत होतं. मलाही कळत होतं.

त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी जातात. झोके खेळतात, गाणी म्हणतात, आमरस खातात. मामांच्या घरात बाईमाणूस नव्हतं तरी लेकीला न्यायचंच, हा त्यांचा हट्ट. शेजारणीकडून सांजोऱ्या करवून घेतल्या, झोका बांधला. तीन दिवस राहून बायको परत आली ती हातात नवाकोरा पिठाचा डबा घेऊनच. "बाबांनी दिला," म्हणाली. केवढी खूश होती! आमचा जुना डबा गंजून खालून गळायला लागलेला.

मी डबा हातात घेतला. झाकण छान बसत होतं. उलटा केला, आणि माझे हात थांबले. बुडाशी एका ओळीत चार भोकं होती, डाग देऊन बुजवलेली. आता भोकं काय कुठल्याही पत्र्याला असतात. पण भोकं पाडायच्या माझ्या टोच्याचं टोक एका बाजूनं झिजलेलं होतं. त्याचं भोक गोल पडायचं नाही, एका अंगाला चपटं पडायचं. ही चारही तशीच चपटी. हा माझा पत्रा! नळावरचा! मी वाकवलेला!

तळपायाची आग मस्तकात गेली. बायको "अहो, काय झालं, जेवून तरी जा" म्हणतेय, आणि मी डबा काखेत मारून तरातरा कारखान्याकडं. दुपारची सुट्टी झालेली, जिन बंद, सगळीकडं सामसूम. मामा नेहमीसारखे उठले आणि दगड झटकायला लागले.

मी बसलो नाही. डबा त्यांच्यापुढं धरला आणि म्हणालो, "मामा, लेकीला डबा द्यायचा होता तर मला म्हणायचं. मी अख्खा पत्रा काढून दिला असता. मी तुम्हाला इथं राखणीला उभं केलं, आणि तुम्हीच..."

पुढचं बोललो नाही, पण बोलायचं राहिलंच काय होतं! माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं, आजही नाही. पण त्या दिवसाइतकी ती मला कधी नकोशी वाटली नाही.

मामांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी डबा हातात घेतला, भोकांवरून बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, तीस वर्षं मी सोन्याची तार मांडीवर घेऊन बसलो. तोलून घ्यायची, तोलून परत द्यायची. एक गुंज कमी आली नाही कधी. अन् तुमचा पत्रा चोरून लेकीच्या सणाला देईन मी?" त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "बुधवाऱ्याच्या बाजारातून घेतला हा डबा. चला माझ्यासंगं. मालूम करून घ्या."

बॉयलरवरच्या माणसाला नळाकडं लक्ष ठेवायला सांगून आम्ही बुधवाऱ्यात गेलो. डबे करणारा कारागीर दुकानाच्या पायरीवरच ठोकाठोकी करत बसला होता. मामांना बघून हसला. "काय काका, डबा गळाला काय?" म्हणाला. मी विचारलं, पत्रा कुठून आणलास? तर म्हणतो, "लोक आणून देतात. कोण, कुठले, मी काय विचारतो काय? लढाईत पत्रा मिळतो कुठं साहेब?" आणि मामांकडं बोट दाखवून, "या काकांनी तर दोन फेऱ्या मारल्या भाव करायला. लेकीसाठी पायजे, लेकीसाठी पायजे, करत."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आणि मला लाज वाटली की मी काय करतो? आणखी चिडतो. मी त्या कारागिरावर घसरलो. पोलिसात देतो, दुकान बंद पाडतो, वाट्टेल ते बोललो. तो बापडा हात जोडून म्हणाला, "अहो, आता नाही घेणार. अन् तसाही मी सगळाच घेत नाही. हातभर रुंद असला तरच घेतो. चिंध्या घेऊन काय करू? त्याचा डबा होतो काय?"

मामांनी माझा दंड धरला आणि मला रस्त्यावर आणलं. "पोलीस आणाल तर पहिलं नाव माझंच येईल," म्हणाले. "नळाच्या चौकीवर मीच होतो ना?"

खरं होतं. बरंच अंतर चालून गेल्यावर कशीबशी जीभ उचलली. "मामा, माझं चुकलं. फार चुकलं."

मामा म्हणाले, "तुमचा राग मला लग्नाआधीच मालूम होता. सोयरीक जमवणाऱ्यानं तेवढं एकच खरं सांगितलं होतं."

मी हसलो आणि माझे डोळे भरून आले. मामा मात्र कसल्यातरी विचारात होते. कारखान्याच्या फाटकाशी आल्यावर थांबून म्हणाले, "तो काय म्हणाला ते ऐकलं ना? हातभर रुंद पायजे. चोराला रुंद पायजे, तर आपण नळावर रुंद ठेवायचंच कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला प्रेसच्या मागं नेलं. कापसाची गाठ दाबली की तिला लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या. त्यातल्या तुटक्या, गंजक्या पट्ट्यांचा तिथं ढीग पडलेला असायचा. मामांनी एक तुकडा उचलला आणि आपल्या काठीवर वळायला सुरुवात केली. एका वेढ्याची कड दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. बघता बघता हातभर काठी झाकून गेली. "कलाबतूतलं रेशीम कधी दिसतं का? आत असतं, पण दिसत नाही," ते म्हणाले. "तुमचा नळ म्हणजे रेशीम, अन् ही पट्टी म्हणजे बादला. पट्टीला पट्टी जोडून सलग वळायची. चोराला काढायची तर एका टोकापासून सगळी उलगडावी लागेल. अन् काढून करणार काय? दोन बोटांच्या पट्टीचा डबा होतो काय?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. फिटर मी, आणि अक्कल यांना! वर तरटाला डांबर फासायचं, ही भर मी घातली. डांबराला हात लावला की चार दिवस निघत नाही. म्हणजे चोर हात काळे करूनच घरी जाणार.

मॅनेजरसाहेबांनी ऐकून घेतलं. कागदावर काहीतरी रेघोट्या मारल्या आणि म्हणाले, "जिथला पत्रा गेलाय तिथं वीस हात करून दाखवा. पावसाळ्याआधी मी स्वतः घागरीनं पाणी ओतून बघणार. लेप भिजला तर हे बंद, म्हाताऱ्याचीही सुट्टी, आणि चौकीवर नवा माणूस."

मामा कामाला लागले. मी पट्ट्यांना पट्ट्या जोडून रिवेट मारून द्यायचो, पण वळताना मला हात लावू देईनात. "जावयाला डांबरात हात घालायला लावू? लोक काय म्हणतील?" असं म्हणून रंगखान्यातला एक हमाल घेतला पट्टी ओढायला. चार दिवसांत वीस हात झाले. लांबून बघितलं तरी वेढे एकसारखे. वाटेनं जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या.

पाचव्या दिवशी साहेब आले. हमालानं उताराच्या वरच्या टोकाला दोन घागरी ओतल्या. आम्ही खाली वाकून बघतोय. आधी काही नाही. मग पट्टीच्या वेढ्यांतून एक थेंब, दोन थेंब, आणि मग मातीची लालसर धारच लागली. लेप भिजला होता. साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला आणि वळले.

मी त्यांच्या मागं धावलो. भांडलो, अजिजी केली, पुन्हा भांडलो. शेवटी "शनिवारपर्यंत बघा" एवढं त्यांच्या तोंडून काढलं. परत आलो तर मामा नळाशेजारी मातीतच बसले होते. "माझ्या वळणात फट राहत नाही हो कधी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बोट घालून बघा. फट नाही. मग पाणी जातं कुठून?"

घरी गेलो. डब्याच्या प्रकरणापासून बायको माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. पण त्या दिवशी सगळं विचारून घेतलं. नळ कसा उतरता आहे, बाबांनी कुठून सुरुवात केली, वेढा कसा घेतला. मी सांगितलं, वरून सुरुवात केली आणि खाली येत गेले. कलाबतूचा धागा छताच्या आकड्यावरून सोडलेला असतो, बादला वरून खाली बसत येतो, त्यांचा हातच तसा.

ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई! अहो, कौलं कुणी आढ्यापासून लावायला घेतं का? वळचणीपासून लावत वर जातात. म्हणजे वरचं कौल खालच्यावर बसतं. बाबांच्या वळणात खालचा वेढा वरच्यावर बसलाय. पाण्याला दारं उघडून दिलीत की तुम्ही! आणि तुम्ही म्हणे फिटर!"

मी तसाच उठलो आणि सिंधीपुऱ्यात गेलो. मामांना सांगितलं. ते स्वतःच्याच मांडीवर थाप मारून हसायला लागले. "रेशमावर पाऊस कुठं पडतो! पोरीनं बापाचा कान पिळला," म्हणाले. लेकीचं कौतुक त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

पण कळणं वेगळं आणि हात वळणं वेगळं. तीस वर्षं ज्या हातानं वरून खाली वळलं, तो खालून वर चालेना. दोन वेढे नीट जायचे, तिसरा उलटा पडायचा. हमाल कंटाळला आणि निघून गेला. शनिवार दोन दिवसांवर आला. मी काही न विचारता पट्टीचं टोक धरलं आणि मागं रेलून ओढायला लागलो. मामा नको नको म्हणाले, मी ऐकलं नाही. डांबर कोपरापर्यंत आलं. ऊन मी म्हणत होतं. तासाभरानं माझा हात जरा सैल पडला असेल, तोच मामा ओरडले, "अरे, ढिली कशाला सोडतोस! झोपलास काय? खेच, खेच बराबर!"

दोघंही थबकलो. लग्नाला दोन वर्षं झाली, या माणसानं मला कधी "अहो"शिवाय हाक मारली नव्हती. मामांनी जीभ चावली. "गलती झाली, जावईबापू..."

मी म्हणालो, "मामा, गलतीबिलती काही नाही. पट्टी धरलीय, वळा." मला इतकं बरं वाटलं होतं म्हणून सांगू! त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला जे झापलं, तसं माझ्या उस्तादानंही झापलं नव्हतं.

शनिवारी साहेबांनी सहा घागरी ओतायला लावल्या. पाणी वेढ्यांवरून टपटप उड्या मारत खाली गेलं. खालच्या टोकाशी पट्टीबाहेर राहिलेलं तरट कोरडं. साहेबांनी स्वतः हात लावून बघितला, हात काळा झाला, तो बघत बघत म्हणाले, "सगळा करा."

पाऊस लागायच्या आत दीडशे हात नळ पुरा करायचा होता. उरलेले पत्रे आम्ही उतरवले आणि गोदामात कुलुपात टाकले. एकदा कुणीतरी खालच्या टोकाशी उचकटून बघितलं होतं. तिथं तरटावर बोटांचे ठसे उमटले होते आणि शेजारच्या भिंतीवर पुसलेलं डांबर. बस, तेवढंच. पुन्हा कुणी फिरकलं नाही.

काम निम्म्याच्या वर गेलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पट्टी हातात धरून म्हणालो, "मामा, हे पुरं झालं की नळाला राखण कशाला लागेल?"

"नाही लागणार," मामा म्हणाले.

"मग तुमची नोकरी?"

"मला पहिल्या दिवशीच मालूम होतं ते. खेच तू."

मी खेचत राहिलो, पण मला आतून रडू येत होतं. हा माणूस रोज हातभर, दोन हात आपलीच नोकरी गुंडाळून टाकत होता, आणि वेढा तसूभर चुकला तर उलगडून पुन्हा घालत होता. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबांना आता अडवू नका. कितीतरी दिवसांनी ते सकाळी गुणगुणत उठतायत, शेजारीण सांगत होती." आणि मग पदर तोंडाला लावून बसली.

नळ पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "उद्यापासून नळावरची चौकी बंद," म्हणाले.

झालं! माझा तोल गेला. ज्यानं तुमचा नळ वाचवला त्यालाच काढता, जनाची नाही तरी मनाची लाज बाळगा, असलं बरंच काही मी बोललो. मामा माझी बाही ओढतायत आणि मी बोलतोय. साहेब खुर्चीत रेलून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "झालं बोलून? बॉयलरपासून प्रेसपर्यंतचा नळ आहे, गरम पाण्याचा आहे, वरच्या टाकीचा आहे. त्या सगळ्यांवरचा पत्रा उतरवून पट्टी वळायचीय. मग दरवर्षी डांबर, डागडुजी. हे तुम्ही करणार? तुम्हाला तर पट्टी धरता येत नाही असं कानावर आलंय."

मामांनी हात जोडले. मला वाटलं, आता उपकार झाले म्हणतील. तर म्हणाले, "साहेब, एकट्याचं काम नाही हे. दुसरा हात लागेल. अन् हा नको, याचा हात ढिला पडतो. माझा जोडीदार आहे, त्याला घ्या."

मी मामांना माझ्यापुढं कुणाशी असं ठासून बोलताना पहिल्यांदा बघत होतो. साहेबांनी मान हलवली. "आणा," म्हणाले.

मामांनी काठी ऑफिसच्या दाराशी टेकवून ठेवली आणि तडक गावाबाहेरच्या लालबागच्या सडकेला लागले. मी मागून जवळजवळ पळत. वाटेत सांगितलं, हा जोडीदार वीस वर्षं त्यांच्या समोर बसून कलाबतू वळायचा. धंदा बसला तसा सडकेवर खडी फोडायला जायला लागला. वर्षभर दोघांची भेट नव्हती. एकाच गावात राहून नव्हती. हा काठी घेऊन उभा, तो हातोडा घेऊन बसलेला. कुणी कुणाला तोंड दाखवायचं?

सडकेच्या कडेला खडीच्या ढिगाआड तो बसला होता. डोक्याला फडकं, पापण्यांवर पांढरी धूळ. मामांना बघितल्यावर त्यानं मान खाली घातली आणि हातोडा मारत राहिला.

मामा लांबूनच ओरडले, "टाक तो हातोडा! काम आलंय!"

तो मान वर न करता म्हणाला, "कसलं काम?"

"आपलं."

हातोडा वरच्या वर थांबला. त्यानं मामांच्या हातांकडं बघितलं. डांबरानं काळे, आणि अंगठ्याशेजारी पट्टीनं पडलेला ताजा वळ. कुठं, कुणाकडं, किती दिवस, काही विचारलं नाही. हातोडा मुकादमाच्या पायाशी नेऊन ठेवला, डोक्याचं फडकं सोडलं, आणि त्याच फडक्यानं हात पुसत पुसत आमच्याबरोबर चालायला लागला.